पहिलं विमान रंगवताना : १:७२ हंटर, प्रायमरपासून वेदरिंगपर्यंत

विमानाचं प्लास्टिक मॉडेल जोडणं बहुतेकांना जमतं. पार्ट कापायचे, घासायचे, सिमेंट लावायचं, दोन-चार रविवारांत विमान टेबलावर उभं राहतं. गाडी अडते ती रंगापाशी, आणि रंग कसाबसा जमला की वेदरिंगपाशी, म्हणजे विमान वापरलेलं, मळलेलं दाखवण्यापाशी. नवीन माणूस व्हिडिओ बघतो, त्यात दिसेल ते सगळं एकाच विमानावर करतो, प्रत्येक पॅनल लाइन (दोन पत्र्यांमधल्या जोडाची रेघ) काळी, पंखभर चांदीचे टवके, जमलं तर थोडा गंजसुद्धा, आणि मग विमान वापरलेलं दिसायच्या ऐवजी नुसतं मळलेलं दिसतं.

म्हणून सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला कारण पाहिजे. हा डाग कुठून आला, तेल गळलं का, तोफ चालली का, मेकॅनिकचा बूट घासला का, आणि वाऱ्याने तो कुठल्या दिशेला ओढला. याचं उत्तर देता येत नसेल तर तो डाग लावू नका.

कुठलं विमान आणि कुठला दिवस

या लेखासाठी मी हॉकर हंटर घेतलंय. रंग तीनच आहेत, वरून डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे, खालून चंदेरी, त्यामुळे नवीन माणसाला झेपतं. रेव्हेलचा १:७२ हंटर एफजीए.९ किट चांगला आहे आणि शेपटीवरचं ब्रेक पॅराशूटचं घर त्यात असतंच, म्हणून आपल्या एफ.५६ साठी, म्हणजे हंटरच्या भारतीय प्रकारासाठी, चालतो. सिडनी कॅम यांच्या टीमने डिझाइन केलेलं हे विमान आपल्या हवाई दलात १९५७ पासून यायला लागलं आणि २००१ पर्यंत कुठल्या ना कुठल्या कामावर होतं. खरं विमान साधारण १४ मीटर लांब, म्हणजे मॉडेल होतं साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आसपास, रंगवताना हातात मस्त बसतं.

आता दिवस ठरवा. हे लोक विसरतात आणि मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ ला बेळगावजवळच्या सांबऱ्याहून १७ स्क्वाड्रनची सहा हंटर उडाली आणि त्यांनी बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर रॉकेट आणि तोफांनी हल्ला केला, त्याच दिवशी पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा बॉम्बरनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तेव्हा हंटर आपल्याकडे येऊन चारच वर्षं झाली होती, शांततेच्या काळात नीट राखलेली विमानं. दुसरा दिवस घ्या ५ डिसेंबर १९७१. राजस्थानात लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाडे उभे आणि जैसलमेरहून हंटर पुन्हा पुन्हा येऊन रॉकेट आणि तोफा चालवतायत, उतरायचं, दारूगोळा भरायचा, परत जायचं. किट तोच, रंग तेच, पण दहा वर्षांचं ऊन आणि त्या सकाळचा तोफांचा धूर यामुळे दोन्ही मॉडेल पूर्ण वेगळी दिसली पाहिजेत. पहिल्यांदा करणाऱ्याने १९६१ चं करावं असं मी सांगेन, कारण तिथे थोडं केलं तरी पुरतं.

त्या काळातले फोटो शोधा, जेवढे मिळतील तेवढे. इथे एक सावधगिरी. गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक वगैरे विमानं बाहेर उघड्यावर उभी आहेत, जरूर जाऊन बघा, पॅनल कसे बसतात, रिव्हेट कुठे असतात, चाकाच्या खोबणीत किती पाइप असतात हे फोटोपेक्षा तिथे जास्त कळतं. पण तिथला रंग कॉपी करू नका. उभं राहिलेलं विमान पावसाने आणि खाऱ्या हवेने वरून खाली ओघळत जुनं होतं, उडणारं विमान पुढून मागे मळतं, आणि उडणाऱ्या विमानाला रोज पुसणारी माणसं असतात.

स्केल डोक्यात ठेवा

१:७२ मध्ये मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटर. तुम्ही ब्रशने जो छोटासा टवका काढला तो प्रत्यक्षात सात सेंटिमीटरचा उडालेला रंग आहे. पॅनल लाइनमध्ये ०.३ मिलिमीटरची काळी कुळकुळीत रेघ भरली की ती खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटर रुंद फट होते, एवढ्या फटीचं जेट कोणी उडवणार नाही. रेघ भरायची नाही असं नाही, भरायची, पण मूळ रंगापेक्षा दोनेक शेड गडद, काळी नको.

रंगाचंही तेच आहे. खऱ्या विमानाच्या डब्यातला रंग जसाच्या तसा एवढ्याशा मॉडेलवर मारला तर तो डोळ्याला जास्त गडद लागतो, त्यामुळे प्रत्येक रंगात पाच-दहा टक्के फिकट करडा मिसळायची सवय लावून घ्या.

सामान

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा पेन) असेल तर उत्तम, ०.३ नोझलचा साधा ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे एकाच ट्रिगरने हवा आणि रंग दोन्ही सांभाळणारा, आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर पहिली काही वर्षं आरामात पुरतो. टाकी असलेलाच घ्या, टाकी नसली की हवा धडधडत येते आणि बारीक काम होत नाही. पाइपमध्ये हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप पाहिजेच, विशेषतः मुंबई-कोकणवाल्यांनी.

एअरब्रश नसेल तर थांबून राहू नका. ब्रशने चांगलं विमान रंगवता येतं. सपाट मऊ सिंथेटिक ब्रश, वालेहो टाइपचे पाण्याचे अ‍ॅक्रिलिक, आणि तीन-चार पातळ कोट. पहिला कोट भयानक दिसतो, आरपार दिसतं, पट्टे दिसतात, तो तसाच सोडून वाळू द्यायचा, वाळत असताना परत ब्रश फिरवला की खालचा रंग उखडतो. चंदेरी भाग मात्र स्प्रे कॅनने मारा, ब्रशने चंदेरी रंगात रेघोट्या राहतातच.

रंगांचे नंबर लिहून घ्या. टॅमियात डार्क सी ग्रे म्हणजे एक्सएफ-५४ आणि डार्क ग्रीन साठी एक्सएफ-८१. मिस्टर हॉबीच्या अ‍ॅक्वसमध्ये एच-३३१ आणि एच-३३०, हे दोन्ही त्या ब्रिटिश स्टँडर्ड शेडवरूनच बनवलेत. चंदेरीला टॅमियाचा लॅकर एलपी-११ मला आवडतो, कारण अ‍ॅक्रिलिक चंदेरीवर टेप लावून काढली की बऱ्याचदा रंग टेपबरोबर येतो, लॅकर घट्ट धरतो.

बाकी सामान बाहेर जाऊन मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ८०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर. केमिस्टकडून कॉटन बड्स आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. चित्रकलेच्या दुकानातून कॅमलच्या ऑइल कलरच्या ट्यूब, बर्न्ट अंबर, काळा, पांढरा, यलो ऑकर एवढ्या चार बास. आणि ऑइलसाठी बिनवासाचा थिनर, रंगकामवाल्यांचा टर्पेंटाइन नको, तो जास्त जहाल असतो आणि खालचा रंग ओढू शकतो.

मास्कबद्दल स्पष्ट बोलतो. एन९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. लॅकर मारणार असाल तर ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर घ्या, खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू, आणि घरात लहान मूल असेल तर त्या खोलीत हे काम करूच नका. अ‍ॅक्रिलिकला वास कमी येतो म्हणून ते फुफ्फुसाला चालतं असं नसतं.

प्रायमरच्या आधी

जोडलेलं विमान भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवून काढा, बोटांचं तेल आणि घासल्याची पूड जाते. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, आतून धूळ नाही ना हे आधी बघून चिकटवा आणि बाहेरून टेपने मास्क करा, हॉबी टेपची बारीक पट्टी कडेने, मधली जागा मास्किंग फ्लुइडने किंवा टेपच्या तुकड्यांनी. कॉकपिट आधीच गडद करडा-काळा रंगवून झालेला असतो. इंजिनच्या हवेची तोंडं आणि मागचा पाइप यात ओल्या स्पंजचा तुकडा कोंबा.

मग करडा प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा अस्तराचा कोट. प्रायमर रंग धरायला असतो हे खरं, पण त्याचं खरं काम आहे चुका दाखवणं. फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, मधोमध जी जोडाची शिवण जाते ती प्लास्टिकवर दिसत नाही, प्रायमरखाली लगेच दिसते. दिसली की पुट्टी, घासणं, परत प्रायमर. इथे आळस करू नका, चंदेरी रंग तर प्रत्येक ओरखडा ओरडून सांगतो. घासताना पॅनल लाइन बुजली तर स्क्रायबरने किंवा सुईने परत खोल करून घ्या.

रंग मारायचा क्रम

आधी चंदेरी. नवीन लोक इथे विचारतात की चंदेरीसाठी खाली चकचकीत काळा बेस मारायचा ना. इथे नाही. तो बेस उघड्या धातूच्या फिनिशसाठी, उदाहरणार्थ रंग न दिलेल्या मिग-२१ साठी. हंटरच्या पोटावरचा चंदेरी हा रंग होता, पॉलिश केलेला पत्रा नव्हता, तो थोडा मंद आणि एकसारखा दिसतो. करड्या प्रायमरवर सरळ मारा. पंखांचं आणि फ्युजलाजचं पोट, चाकांच्या खोबण्या, चाकांचे पाय, सगळं याच रंगात एका बैठकीत होऊन जातं.

एअरब्रशमध्ये रंग दुधासारखा पातळ पाहिजे, कपच्या भिंतीवरून ओघळला की मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. टॅमिया अ‍ॅक्रिलिकला एक भाग रंग आणि एक ते दीड भाग थिनर, प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास, अंतर सहा-आठ सेंटिमीटर. हात आधी हलवायला लागा, मग ट्रिगर, आणि ट्रिगर सोडून मग हात थांबवा, नाहीतर दोन्ही टोकांना थेंब जमतो.

आपल्याकडे हवामानाचा फार मोठा हात असतो आणि बाहेरच्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारला की त्यावर पांढुरकी साय येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. एसी ड्राय मोडवर ठेवून तासाभराने मारा, नाहीतर कोरड्या दिवसाची वाट बघा. उलट नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि खरबरीत बसतो, सुईच्या टोकावर गोळा धरतो. तिथे सकाळी लवकर काम करा, रंग वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब टाका आणि जरा जवळून मारा.

चंदेरी वाळायला पूर्ण एक दिवस द्या. मग पोट मास्क करा, टेप लावायच्या आधी एकदा हाताच्या तळव्यावर चिकटवून काढा म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो. वर सगळीकडे डार्क सी ग्रे. तो वाळला की हिरव्याच्या पट्ट्यांचे आकार.

हे पट्टे किटच्या ड्रॉइंगवरून काढायचे. ड्रॉइंग १:७२ च्या मापात मोठं करून झेरॉक्स काढा, पट्टे कापा आणि ते कागदी मास्क म्हणून वापरा. हंटरवर दोन रंगांची सीमा बऱ्यापैकी धारदार असते, त्यामुळे एअरब्रशने हवेत फिकट कड काढत बसायची गरज नाही. मी कागदाच्या कडेखाली पांढऱ्या टॅकच्या (पोस्टर चिकटवायच्या मऊ पुट्टीच्या) अगदी बारीक वळ्या देतो, कागद अर्धा मिलिमीटर वर राहतो आणि कड धारदार पण जिवंत येते, टेपने येते तशी पायरी पडत नाही. स्प्रे मात्र सरळ वरून मारायचा, तिरका मारला की रंग कागदाखाली जातो.

हिरवा मारून झाला, मास्क काढले, सगळं जागेवर आहे. आता इथेच पहिलं वेदरिंग करून घ्या, ते म्हणजे ऊन. मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळून भरपूर पातळ करा, जवळपास तीन-चार भाग थिनर, आणि वरच्या बाजूच्या पॅनलच्या मध्यभागी, कडा सोडून, ढगाळ ढगाळ मारा. पंखांचा वरचा भाग, पाठीचा कणा, कॅनॉपीच्या मागची जागा इथे ऊन जास्त लागतं, कडेच्या बाजूंना कमी, पोटाला नाहीच. करड्यात पांढरा मिसळला तरी चालतो, पण हिरव्यात पांढरा मिसळू नका, पुदिन्याचा रंग येतो, त्यात बफ (फिकट पिवळसर तपकिरी) किंवा थोडा पिवळा टाका. १९६१ च्या विमानाला हे जेमतेम जाणवलं पाहिजे, १९७१ च्याला स्पष्ट दिसलं तरी हरकत नाही.

डिकल

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून लावायची खुणांची पातळ चित्रं. त्यांच्याखाली चकचकीत पृष्ठभाग पाहिजे, म्हणून दोन पातळ कोट ग्लॉस वार्निश, टॅमिया एक्स-२२ थिनरमध्ये पातळ करून छान बसतो. मॅट रंग खडबडीत असतो, त्यावर डिकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चमकतो, त्याला सिल्व्हरिंग म्हणतात आणि एकदा झालं की पुसता येत नाही.

बऱ्याच बॉक्समध्ये भारतीय डिकल नसतात, वेगळी शीट मागवावी लागते. एफ.५६ हंटरचे नंबर बीए पासून सुरू होतात, एकच नंबर निवडा आणि त्या विमानाचा फोटो मिळाला तर अक्षरांची जागा त्यावरून ठरवा. हवाई दलाच्या गोल खुणेत बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, हे लावायच्या आधी एकदा तपासून घ्या, शीट स्वस्तातली असेल तर केशरी कधी कधी लालकडे झुकलेला असतो, ती घेऊ नका.

कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, कागदावरून सरकेपर्यंत थांबायचं, ओढायचं नाही. खाली मायक्रो सेट (डिकल धरायला मदत करणारं द्रावण), जागेवर बसवून पाणी टिपून घेतलं की वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण). सोल लावल्यावर डिकल सुरकुततं आणि जीव घाबरतो, पण हात लावायचा नाही, अर्ध्या तासात ते स्वतःच सपाट होऊन पॅनल लाइनमध्ये बसतं. रात्रभर वाळवा, दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने डिंकाचे डाग पुसा, परत एक ग्लॉसचा कोट.

वॉश

वॉश म्हणजे रेघांमध्ये धावणारा अगदी पातळ रंग. त्यासाठी आता ऑइल कलर. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. वरच्या बाजूसाठी बर्न्ट अंबर आणि काळा निम्मे निम्मे, थिनरमध्ये अगदी पाणीदार. चंदेरी पोटासाठी पांढरा-काळा मिसळून मध्यम करडा, थोडा अंबर. पोटावर काळा वॉश टाकला तर ते लहान मुलाच्या रंगवायच्या पुस्तकातलं चित्र होऊन बसतं.

बारीक ब्रशचं टोक पॅनल लाइनला टेकवा, रंग स्वतः धावतो. पंधरा-वीस मिनिटांनी कॉटन बडला किंचित थिनर लावून पुसा. पुसायची दिशा महत्त्वाची, पंखांवर आणि पोटावर पुढून मागे, हवा जाते तसं. जो थोडा रंग मागे ओढला जाईल तो राहू द्या, तो आपोआप खरा दिसतो. फ्युजलाजच्या बाजूंवर मात्र विचार करा, उडताना गळलेलं मागे जातं, उभं असताना गळलेलं खाली जातं, आणि दोन्ही विमानाच्या आयुष्यात होतं. म्हणून थोडे डाग आडवे, एखादा उभा.

सगळ्या लाइन सारख्या भरू नका. ज्या पॅनल रोज उघडतात, तोफांचा पॅक, त्याच्या आजूबाजूची झाकणं, त्या थोड्या गडद. पंखाच्या टोकाकडच्या, ज्या वर्षातून एखाद्या वेळी उघडत असतील, त्या जेमतेम.

हंटरचे स्वतःचे डाग

इथे खरी मजा आहे. हंटरच्या नाकाखाली चार एडन तोफा, ३० मिलिमीटरच्या, आणि त्या तोफांचा अख्खा पॅक खाली उतरवून भरलेला दुसरा पॅक चढवता येतो, म्हणूनच हे विमान झटपट परत उडायचं. तोफेच्या तोंडापासून मागे पोटाकडे धुराची काजळी जाते. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांच्या कड्या बाहेर पडून विमानाला लागू नयेत म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंना जे दोन फुगवटे दिले आहेत त्यांच्यावरून ती काजळी पसरते आणि मागे विरळ होत जाते.

ही काजळी सॉफ्ट पेस्टलने करा. काळी, गडद तपकिरी आणि करडी कांडी ८०० च्या पेपरवर घासून पूड करा, मिसळा. निव्वळ काळी पूड वापरली तर धूर न वाटता भोक वाटतं. पूड चकचकीत पृष्ठभागावर धरत नाही, म्हणून हे काम शेवटच्या वार्निशच्या कोटनंतर. मऊ ब्रशने तोंडापाशी दाबून, मग मागे हलकं ओढत. वर परत वार्निश मारलं तर पूड निम्मी गायब होते, त्यामुळे मी मारत नाही, मॉडेल तिथे धरायचं नाही बस. १९६१ च्या विमानाला हलका फिकट पट्टा, ५ डिसेंबर १९७१ च्याला पोट बऱ्यापैकी काळवंडलेलं.

दुसरी जागा मागच्या फ्युजलाजची. इंजिन काढायला हंटरचं शेपूट अख्खं वेगळं होतं, तिथे गोल जोड आहे. तो जोड उघडताना पान्हे लागतात, रंग निघतो. वॉश इथे थोडा जास्त, आणि कडेला दोन-तीन बारीक टवके.

तिसरी, पोटाखालचा एअरब्रेक, म्हणजे उडताना वेग कमी करायला उघडणारी फळी. हायड्रॉलिक तेल तिथून झिरपतं आणि मागे ओढलं जातं. बर्न्ट अंबरचा ठिपका ठेवून थिनरच्या ओल्या सपाट ब्रशने मागे ओढा, दोन-तीन ओघळ, लांबी वेगवेगळी. तेलाचा डाग थोडा चमकतो, म्हणून शेवटच्या कोटनंतर यावर ग्लॉसचा एक बारीक हात द्या, हे फार थोडे लोक करतात आणि फरक लगेच दिसतो.

एक्झॉस्ट पाइप आतून गनमेटल, त्यात तपकिरी आणि थोडी निळसर झाक. पंखाखालच्या टाक्या एका विमानावरून दुसऱ्यावर जायच्या, त्यामुळे टाक्यांचा चंदेरी पोटापेक्षा थोडा वेगळ्या शेडचा ठेवा, एखादी जास्त मळलेली. इंधन भरायच्या झाकणाभोवती सांडल्याचा फिकट तपकिरी गोल.

टवक्यांचं आता. विमानाचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तो लाल गंजत नाही, त्यामुळे गंजाचा रंग डब्यातच राहू द्या. टवके चंदेरी, पण चकाकणारे नकोत, चंदेरीत थोडा करडा घालून. स्पंजचा छोटा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि पंखांच्या पुढच्या कडेवर टेकवा, पावसाचे थेंब आणि धावपट्टीवरचे खडे तिथेच लागतात. कॉकपिटपाशी शिडी टेकते ती जागा, पंखाच्या मुळाशी मेकॅनिक चढतो ती जागा, तिथे चंदेरी रंगीत पेन्सिलीने बारीक ओरखडे. पंखाच्या मधोमध टवके नकोत, तिथे कोणी जात नाही. हात थांबवायचा असेल तर इथे थांबवा, टवके हे एकच काम असं आहे जे जास्त झालं की सगळं आधीचं झाकून टाकतं.

चाकं काळी नसतात, गडद करडी असतात. टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर धुळीची पेस्टल, जैसलमेरसाठी फिकट वाळूचा बफ. धूळ चाकांना आणि पायांच्या खालच्या भागाला, वर फ्युजलाजवर वाळू उधळू नका, विमान पक्क्या धावपट्टीवरून उडालंय.

शेवटचं

वर सांगितलेला शेवटचा कोट हंटरला एकदम मॅट नको, सॅटिन हवा, म्हणजे मॅट आणि ग्लॉसच्या मधला. मॅट आणि ग्लॉस दोन्ही असतील तर निम्मे निम्मे मिसळून मारा. क्रम एकदा नीट बघा, ग्लॉस, डिकल, ग्लॉस, वॉश, टवके आणि ओघळ, मग हा कोट, आणि पेस्टल व तेलाची चमक त्यानंतर. मिश्रणात मॅट थोडा जास्त ठेवलात तर पूड जास्त घट्ट धरते.

कोट पूर्ण वाळल्यावर कॅनॉपीचे मास्क काढा, कडेने आधी ब्लेडचं टोक हलकं फिरवून, म्हणजे रंगाची पापडी उचलली जात नाही. पिटो ट्यूब (हवेतला वेग मोजायची बारीक नळी), अँटेना, चाकांची दारं असं नाजूक सगळं यानंतर, पांढऱ्या ग्लूच्या थेंबाने, सुपरग्लू कॅनॉपीजवळ वापरला की काच धुरकट होते. मॉडेल थेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, रंग आणि डिकल फिके पडतात. अ‍ॅक्रिलिकचा बंद डबा मिळाला तर त्यात ठेवा आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी आत टाका, दर महिन्या-दीड महिन्याने बदला.